बुधवारपर्यंत मोकळी

वाल्देरोका, शुक्रवार, २ सप्टेंबर १९९४. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. फळसंस्थेच्या वजनकाट्यावर बसलो आहे. माकारिओचा ट्रक पीचच्या पेट्या भरून काट्यावर उभा आहे (आठ हजार सहाशे चाळीस किलो, माकारिओ सोडून), आणि तो कॉफी पिऊन येईपर्यंत हे पत्र पुरं करायचं आहे.

प्रिय एल्विरा,

बातमी चांगली आहे. यंदाच्या उत्सवाचं सज्जातलं भाषण तू द्यायचं, असं काल समितीत ठरलं. शनिवार, १७ सप्टेंबर, संध्याकाळी आठ वाजता. तुला अकरापैकी दहा मतं पडली. अकरावं मत सरपंच सातुर्निनो यांच्या मेहुण्याला पडलं. ते मेहुण्यांचं स्वतःचंच होतं. गेली सहा वर्षं ते एवढंच मत मिळवत आहेत.

तुला सगळं माहीतच आहे, तरी समितीचा सचिव म्हणून कळवतो. नगरपालिकेच्या सज्जात उभं राहायचं, गावाबद्दल चार बऱ्या गोष्टी बोलायच्या आणि शेवटी "उत्सव सुरू" म्हणायचं. मग एलादियो आतषबाजीचा बाण सोडतो. बाण सुटल्याशिवाय चौकात कुणी ग्लासाला हात लावत नाही, तेव्हा भाषण आटोपशीर असावं. मागच्या वर्षी टीव्हीवर हवामान सांगणारे आपल्या गावचे गृहस्थ बोलले. "आज पावसाची शक्यता नाही," म्हणाले, आणि "उत्सव सुरू" म्हणेपर्यंत त्यांच्या मिशीतून पाणी गळत होतं.

फोन केला नाही, कारण तो बारमधून करावा लागतो. मी "हॅलो" म्हटलं की डॉमिनो खेळणारे चौघंही "हॅलो" म्हणतात.

माकारिओ सोमवार, बुधवार, शुक्रवार तिकडे येतो आणि दुसऱ्या दिवशी परत निघतो. उत्तर त्याच्याकडे दे.

तुझा चुलत भाऊ,
कोस्मे बार्राचिना
सचिव, उत्सव समिती, आणि सचिव, एल्विरा बार्राचिना चाहता मंडळ (सभासद ४१, वर्गणी भरलेले १७)


सांतांदेर, शनिवार, ३ सप्टेंबर

कोस्म्या,

तुझ्या पत्राला पीचचा वास येतोय. माझ्या पत्राला सार्डिनचा येईल, कारण माकारिओ परतताना मासळी भरतो. नाक धरून वाच.

वाचून मी रडले. एकतीस वर्षांची बाई, क्लबच्या भिंतीला टेकून, हातात रॅकेट. समोर क्लबच्या अध्यक्षांची तीन पोरं विचारतायत, "बाई, चेंडू लागला का?" ह्या तिघांना शिकवते म्हणून क्लबनं मला महिनाभर खोली दिलीय. धाकटा नेट ओलांडून चेंडू मारण्यापेक्षा नेटच खातो.

एकच शंका. इथली स्पर्धा सोमवार १२ ते रविवार १८ आहे. तुमच्या भाषणाच्या शनिवारी इथे उपांत्य सामने आहेत. समितीनं हे पाहिलंय ना?

आता एक गुपित. ही माझी शेवटची स्पर्धा. जगात माझा क्रमांक चारशे बारा. पुढच्या चारशे अकरा जणी चेंडू मारताना ओरडतात. मी मारते तेव्हा माझा गुडघा ओरडतो. "थांबतेय" हे सज्जातूनच सांगीन म्हणते. चांगली जागा आहे, उंच आहे, कुणाला पटकन वर येऊन मिठी मारता येत नाही. मग आईनं गावच्या क्रीडासंकुलाच्या किल्ल्या सांभाळायची ती तिच्या मनातली नोकरी खुशाल लावून द्यावी.

कुणाला सांगू नकोस. आईला तर मुळीच नको.

एल्विरा


वाल्देरोका, सोमवार, ५ सप्टेंबर, सकाळी ७.०५, वजनकाटा

प्रिय एल्विरा,

गुपित कुणाला सांगितलेलं नाही. पण परवा रात्री जेवलो नाही, म्हणून आईला वाटलं माझं पोट बिघडलं आहे. तिनं मला काल दिवसभर साधा भात दिला आणि मी तो खाल्ला, कारण खरं कारण सांगता येत नव्हतं.

तुझ्या सामन्यांची वही मी बारा वर्षांचा असल्यापासून लिहितो आहे. आजवर सहाशे अकरा सामने झाले. दोनशे अठ्ठ्याऐंशी विजय, तीनशे तेवीस पराभव. वहीची चौदा पानं उरली आहेत. नवी वही घ्यायचं मनात होतं. आता घेत नाही.

तारखेच्या शंकेबद्दल: समितीनं सर्व बाबींचा विचार केलेला आहे.

सोबत ब्राउलियाकाकूनं पाठवलेलं पार्सल आहे. मोजे तीन जोड आणि रक्ताचं सॉसेज एक किलो शंभर. पार्सल काकूनं स्वतः बांधलं आहे. कशात बांधलं ते मी पाहिलं नाही.

तुझा,
कोस्मे


सांतांदेर, मंगळवार, ६ सप्टेंबर

श्रीयुत सचिवसाहेब,

माझ्या आईनं सॉसेज कशात बांधलं होतं ते मी पाहिलं. उत्सवाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत. तेल लागलंय, पण अक्षर स्वच्छ दिसतंय. पान दोन, तळटीप:

"वक्त्या सांतांदेर येथील स्पर्धेतून बुधवारपर्यंत मोकळ्या होतील, अशी लेखी हमी समितीचे सचिव को. बार्राचिना यांनी दिली आहे."

बुधवारपर्यंत मोकळी! अरे, मी काय न्हाव्याची खुर्ची आहे? आणि हे छापलंस! किती प्रती काढल्या? सगळ्या गावानं फ्रिजवर लावलं असेल ना? बुधवारी एल्विरा हरणार, गुरुवारी कचऱ्याची गाडी येणार!

मला वाटलं होतं गावानं मला मानानं बोलावलं. तुम्ही मला बोलावलंत, कारण मी हमखास हरते.

दहा मतं! त्या मेहुण्याला माझा नमस्कार सांग. गावात एकट्या त्यानंच माझी लाज राखली.

एल्विरा बार्राचिना

ता. क. सॉसेज उत्तम होतं. आईला सांग.


वाल्देरोका, शुक्रवार, ९ सप्टेंबर, सकाळी ६.५०, वजनकाटा (अजून कुणी आलेलं नाही)

प्रिय एल्विरा,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. हे चौथं.

पत्रिकेच्या सहाशे प्रती काढल्या. हो, फ्रिजवर आहेत.

काय घडलं ते क्रमानं सांगतो. समितीत सगळे म्हणाले, एल्विराच हवी. सरपंच म्हणाले, "आणि ती जिंकत बसली तर? चौकात नऊशे माणसं तहानलेली उभी असतील." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वही काढली. गेल्या अकरा वर्षांत सप्टेंबरच्या ह्या आठवड्यात तू अकरा स्पर्धा खेळलीस. सात वेळा पहिल्या फेरीत हरलीस, चार वेळा दुसऱ्या फेरीत. दुसरी फेरी कधी ओलांडली नाहीस. मी हे फक्त वाचून दाखवलं. सरपंच म्हणाले, "लिहून दे." मी दिलं. तळटीप घालायलाही मीच सांगितलं, कारण ज्या विधानाला आधार आहे त्याचा आधार पत्रिकेत असावा असं मला वाटलं.

चूक झाली. आकडे बरोबर आहेत, तरी चूक झाली.

आणखी एक लिहायला हवं. सरपंचांनी हमीखाली एक ओळ वाढवली. वक्त्या आल्या नाहीत, तर हमी देणाऱ्यानं स्वतः सज्जात उभं राहून बोलायचं. तुला आठवत असेल, शाळा सोडायच्या वर्षी मला नद्यांची नावं म्हणायला उभं केलं होतं. तिसऱ्या नदीला मी खाली पडलो. समोर फक्त बावीस मुलं होती.

तरी तू हरावंस असं मला वाटत नाही. हे वाक्य मी हळू लिहितो आहे, म्हणजे अक्षर नीट लागेल.

तुझा,
कोस्मे


सांतांदेर, मंगळवार, १३ सप्टेंबर

वहीत लिही. सामना सहाशे बारा. सोमवार. पोर्तुगालची मुलगी. ६-२, ६-३. विजय.

उद्या दुसरी फेरी. बुधवार आहे, नाही का? तुमचा वार.

कोस्म्या, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण तो फार उपयोगी पडतोय. चेंडूवर सरपंचाचं तोंड दिसतं, आणि मी आजवर इतक्या जोरात कधी मारलं नव्हतं. पोर्तुगालवाली जाताना म्हणाली, "तुम्हाला कुणी काही बोललं का?"

ती नद्यांची गोष्ट आठवते. तू पडलास ते बाईंच्या अंगावर. हात मोडला बाईंचा.

ए.


वाल्देरोका, बुधवार, १४ सप्टेंबर, सकाळी ७.१५, वजनकाटा

प्रिय एल्विरा,

६१२ लिहिला. पेन दोनदा बदललं.

गावात दोन तट पडले आहेत. बारमध्ये खिडकीकडच्या टेबलांना वाटतं तू जिंकावंस. दाराकडच्या टेबलांना वाटतं तू जिंकावंस, पण पुढच्या आठवड्यात. ब्राउलियाकाकूनं चर्चमध्ये एक मेणबत्ती तू जिंकावंस म्हणून लावली आणि दुसरी तू शनिवारी घरी यावंस म्हणून. फादर म्हणाले, "बाई, ह्या दोन्ही एकदम पुऱ्या होणार नाहीत." काकू म्हणाली, "ते ठरवायला वर आहेत ना, तुम्ही कशाला काळजी करता?"

सरपंच काल काट्यावर आले होते. मला म्हणाले, "सचिव, झोप लागते का?" मी म्हटलं, "नाही." म्हणाले, "मग भाषण लिहायला वेळ आहे." आणि हसले. मग त्यांचं हसू जरा कमी झालं, कारण गेल्या वेळी मी पडलो तेव्हा ज्या बाईंचा हात मोडला, त्या त्यांच्याच बायको आहेत आणि सज्जात त्या माझ्या शेजारी बसणार आहेत.

आज त्यांनी माकारिओकडे एक बरणी दिली. तुझ्या सामन्यांचा तक्ता बारच्या भिंतीवर लावला आहे. त्यावरून, आज तू जिंकलीस तर उद्या तुझ्यासमोर कोण येणार, ते त्यांनी पाहून घेतलं होतं. बरणी कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. वजन मात्र केलं. तीन किलो दोनशे.

तुझा,
कोस्मे


सांतांदेर, गुरुवार, १५ सप्टेंबर, दुपार

कोस्म्या! लिही लिही लिही!

६१३, बुधवार, दुसरी फेरी, फ्रान्सची डावखुरी, ७-५, ६-४, विजय. ६१४, आज सकाळी, उपांत्यपूर्व, बेल्जियमची गोडेलीव्ह, १-६, ६-२, ६-०, विजय! अरे, मी उपांत्य फेरीत आहे! शेवटची कधी होते ते वहीत बघून सांग. मला आठवत नाही, गुडघ्यालाही आठवत नाही.

हा आजचा सामना मी डोक्यानं जिंकला. गोडेलीव्ह सहा फूट उंच आहे. पहिल्या सेटमध्ये तिनं मला अक्षरशः पुसून काढलं. गाल लाल, डोळ्यांत चमक, हत्तीची ताकद. मग मी तिला इकडून तिकडे पळवलं आणि ऊन तिच्या डोक्यात चढलं. दुसऱ्या सेटमध्ये ती माझ्या चांगल्या फटक्यांना टाळ्या वाजवायला लागली. तिसऱ्यात ती सर्व्हिस करायला माझ्या बाजूला आली. शेवटी पंचाच्या शिडीवर चढून त्याला म्हणाली, तू एकटा का बसलायस? किती लवकर थकवलं मी तिला!

कुणा चाहत्यानं तिला काल संध्याकाळी फळांची बरणी पाठवली होती म्हणे. पठ्ठीनं सकाळी न्याहारीला सगळी संपवली. मला इतक्या वर्षांत कुणी एक फळ पाठवलं नाही. असो.

आता शनिवारी दुपारी बारा वाजता झ्देन्का. प्रागची, सतरा वर्षांची. मागच्या वर्षी पोर्तोला तिनं मला ६-०, ६-१ हरवलं होतं. तू होतास तिथे, माझ्या पिशव्या घेऊन. तुझ्या वहीत तिच्याबद्दल काय आहे? खरं लिही.

मला कळतंय मी कुणाला विचारतेय ते. मी जिंकले तर तू सज्जात उभा. तरी विचारतेय, कारण दुसऱ्या कुणाला वहीच नाही.

ए.


वाल्देरोका, शुक्रवार, १६ सप्टेंबर, सकाळी ७.३०, वजनकाटा

प्रिय एल्विरा,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं तेव्हा सरपंच काट्यावर माझ्यासमोरच बसले होते. (काट्यावरच बसले होते. एकशे चार किलो.) मी ते बाजूला होऊन वाचलं. पण माझं तोंड बघून त्यांना सगळं कळतं.

"काय विचारतेय?"

"झ्देन्काची माहिती."

"आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"मग उलटी लिही. डावीकडे म्हणायचं तिथे उजवीकडे लिही. कुणाचं काय जातंय? पोरगी उपांत्य फेरीपर्यंत गेली, मान मिळाला. शनिवारी दुपारचा सामना कर म्हणावं, हर, टॅक्सी मी तिथे उभी ठेवतो, आठला सज्जात. तुझीही सुटका."

"वहीत उलटं नाही आहे."

"वही कोण बघणार आहे?"

घरी गेल्यावर मी त्यांच्या म्हणण्यासारखं एक पत्र लिहून पाहिलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मग ते फाडलं. मग तुकडे मोजले, सगळे आहेत की नाही ते बघायला, आणि चुलीत टाकले.

हे वहीतलं, जसंच्या तसं:

झ्देन्का मागे, रेषेच्या दोन पावलं पाठीमागे उभी राहते. तिथून ती चुकत नाही. पण चेंडू नेटजवळ आखूड पडला की तिला पुढे पळत येताना उशीर होतो आणि तिचा उजवा पाय घसरतो. त्या सामन्यात तू असे आखूड चेंडू, म्हणजे ड्रॉप, फक्त चार टाकलेस. चारही गुण तुला मिळाले. मग तू ड्रॉप टाकणं बंद केलंस.

समासात मी तेव्हा लिहिलं होतं: "ए.ला ड्रॉप टाकणं भित्रेपणाचं वाटतं. का?"

म्हणजे ड्रॉप टाक, एल्विरा. बारा टाक. वीस टाक. भित्रेपणा कसा असतो ते मला विचार. ड्रॉपमध्ये तो नाही.

शेवटची उपांत्य फेरी: ऑगस्ट १९८७.

सज्जात बोलायचं तुझं भाषण तयार असेल तर माकारिओबरोबर पाठव. तो उद्या तीनपर्यंत पोचेल. मी ते नीट वाचीन. निदान तिसऱ्या वाक्यापर्यंत.

बरणीबद्दल मला काही सांगायचं आहे, पण ते आज नाही, सामन्यानंतर.

तुझा,
कोस्मे


सांतांदेर, शनिवार, १७ सप्टेंबर, सकाळी आठ

कोस्म्या,

चार पानं उलटसुलट वाचली. माकारिओ हॉर्न वाजवतोय.

भाषण नाही. मी एकच वाक्य तयार केलं होतं, आणि ते तुला माहीत आहे. ते तू बोलू नकोस. बाकी मला काही सुचलं नव्हतं.

पडलास तर ह्या वेळी सरपंचाच्या अंगावर पड.

बरणीबद्दल काय?

ए.


वाल्देरोका, रविवार, १८ सप्टेंबर, दुपारचे चार. घरी. कानात अजून बाणाचा आवाज आहे.

प्रिय एल्विरा,

तू आत्ता अंतिम सामना खेळून उठली असशील. निकाल मला माहीत नाही. बारमधला फोन काल कुणीतरी आनंदानं मिठी मारून भिंतीतून उपटला. म्हणून फक्त कालचं लिहितो.

पावणेआठपर्यंत तू आली नाहीस, तेव्हा मी सज्जात गेलो. उजवीकडे सरपंच, डावीकडे बाई. बाईंनी आपली खुर्ची हाताची लांबी सोडून मागे घेतली. खाली चौक भरला होता. मी माणसं मोजायला लागलो, म्हणजे खाली बघायचं कारण मिळेल. दोनशे चौदापर्यंत आलो तेव्हा आठ वाजले.

"मित्रहो," मी म्हटलं. हाताला काहीतरी धरायला हवं म्हणून मी वही बरोबर नेली होती. ती उघडली. पहिलं पान आलं. ते मी वाचलं, कारण ते लिहिलेलं होतं.

"सामना पहिला. ११ मे १९८३. तेरुएल. पहिली फेरी. पराभव. ६-०, ६-१."

मग ब्राउलियाकाकूचा आवाज आला, "त्या दिवशी तिला ताप होता!"

"दुसरा सामना. १८ मे. वालेन्सिया. पराभव. ७-५, ७-५."

"चोर!" कुणीतरी ओरडलं. पंचाला म्हणत असावं.

मग मी फक्त पराभवच वाचत गेलो, एल्विरा. विजय ऐकायला कुणीही उभं राहतं, असं मला त्या क्षणी वाटलं. विसाव्या पराभवापासून लोक प्रत्येक आकड्याला "आणि मग?" विचारायला लागले. मी म्हणायचो, "मग पुढच्या सोमवारी परत खेळली." चाळिसाव्यानंतर मला ते वाक्य म्हणावं लागलं नाही. चौकच म्हणायला लागला. नऊशे माणसं. "पुढच्या सोमवारी परत खेळली!" डॉमिनोवाले चौघं टेबलावर चढले होते. पोर्तोच्या ६-०, ६-१ ला फादर असं काही बोलले, जे मी लिहीत नाही.

तीनशे तेवीस पराभव. त्रेचाळीस मिनिटं. एकदाही ग्लासाला कुणी हात लावला नाही. मी पडलो नाही. बाईंनी दोनदा माझा कोट मागून धरला, पण ती त्यांची खबरदारी होती.

शेवटचा पराभव वाचून झाला आणि दुपारपासून सांतांदेरला फोन लावत बसलेला बारचा मालक रस्त्यात धावत आला. "जिंकली! ४-६, ६-३, ७-५! ड्रॉपनं!" मी "उत्सव सुरू" म्हणायला तोंड उघडलं. पण एलादियोला तेवढाही धीर धरवला नाही. त्यानं बाण सोडला. त्यानंतर मला माझाही आवाज आला नाही.

आता बरणी. बरणीत आपल्या गावचे पीच होते, लाल वाइनमध्ये तीन महिने मुरवलेले. सरपंचांना वाटलं, गोडेलीव्हला ताकद येईल आणि ती तुला हरवेल. ते म्हणतात, "अरे, मी रोज दुपारी सहा खातो!" त्यावर बाई म्हणाल्या, "आणि मग पाचपर्यंत कोण घोरतं?"

सामना क्रमांक ६१४ मी वहीत असा लिहिला आहे: "विजय (पीच)." तुला कंस नको असेल तर कळव. पण मी तो काढू शकेन असं वाटत नाही.

तुझा,
कोस्मे


सांतांदेर, मंगळवार, २० सप्टेंबर

कोस्म्या,

६१६, रविवार, अंतिम सामना. ६-४, ३-६, ५-७. पराभव. पान भरलं का?

समोर हंगेरीची एक पोरगी होती, सोळा वर्षांची, दातांना तार. मी सतरा ड्रॉप टाकले. अठरावा नेटमध्ये गेला आणि संपलं. चषक तिला, मला तबक. तबकात माकारिओला सार्डिन दिले, म्हणून चिठ्ठी पुन्हा वास मारतेय.

बरणीचं वाचून मी तुझं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग इतकी हसायला लागले की अध्यक्षांच्या धाकट्यानं जाऊन पाणी आणलं. आणि मी म्हणत होते, डोक्यानं जिंकले! कंस राहू दे. गोडेलीव्हला मी पत्र लिहिलंय. तिला ती बरणी कुठे मिळते ते हवंय.

आता ऐक. "थांबतेय" हे मला सज्जातून सांगायचं होतं. दुसरीकडून ते सांगता येत नाही. जेवणाच्या टेबलावर सांगितलं तर आई सूप वाढत राहील. आणि सज्जा तू वापरून टाकलास. नऊशे माणसांना ते सोमवारचं वाक्य पाठ करून ठेवलंस. आता मी कुठल्या तोंडानं घरी बसू?

पुढच्या सोमवारी पोर्तोला खेळतेय. गुडघ्याला अजून सांगितलेलं नाही.

आईला सांग, किल्ल्या दुसऱ्या कुणाला द्या. तुला नको. तू मोजत बसशील.

एल्विरा


वाल्देरोका, शुक्रवार, २३ सप्टेंबर १९९४, सकाळी ७.१०, वजनकाटा

प्रिय एल्विरा,

पान भरलं. ६१६ सामने, २९२ विजय, ३२४ पराभव.

उत्सव परवा संपला. समितीची बैठक काल झाली. तिथे एक अडचण निघाली. सरपंचांच्या मेहुण्यानं विचारलं, "उत्सव सुरू हे नेमकं कोण म्हणालं?" कुणीच म्हणालं नव्हतं. म्हणजे पाच दिवस गाव नाचलं, दोन वासरं सुटली, डॉमिनोवाल्यांपैकी एकाचा साखरपुडा झाला, आणि उत्सव सुरूच झालेला नव्हता. इतिवृत्तात तशी नोंद करावी लागली. मेहुणे म्हणाले, ते पुढच्या वर्षी म्हणायला तयार आहेत. मतदान झालं. त्यांना एक मत पडलं.

हिशेब सोबत देतो. माकारिओ वाट बघतो आहे.

झालेला खर्च:
बारमधून सांतांदेरला फोन, सात वेळा (सहा वेळा कुणी उचलला नाही): ४२० पेसेता
घशाच्या गोळ्या, भाषणाआधी एक डबी, नंतर दोन: ५४०
मेणबत्त्या, ब्राउलियाकाकू, दोन्ही बाजूंच्या: ३००
बाण एक, वाक्याआधी उडालेला: ८५०
नवी वही, चौकटीची, दोनशे पानी: २९५
एकूण: २,४०५

जमा:
चाहता मंडळाची थकलेली वर्गणी, २४ सभासद, शनिवारी रात्री चौकातच भरली: २,४००

तूट: ५ पेसेता. मी भरले.

नामंजूर:
सरपंच सातुर्निनो यांची मागणी, काचेची बरणी एक, बेल्जियमला गेलेली.

येणे बाकी:
एल्विरा बार्राचिना यांच्याकडून, दोन शब्द. शनिवार, १६ सप्टेंबर १९९५, संध्याकाळी आठ वाजता, सज्जातून. त्या आठवड्यात स्पर्धा असल्यास गाव थांबेल.
हमी: कुणीही दिलेली नाही.